तळ्यातल्या देवीला काय हवंय?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही डार्क फॅन्टसी, म्हणजे अद्भुतात भय मिसळलेल्या प्रकारातली पटकथा लिहिताय. एका शापाने धाकट्या भावाचा आवाज गेलाय. तो परत मिळवायला मोठी बहीण जंगलातल्या तळ्यात राहणाऱ्या देवीकडे निघते. वाटेत एक लबाड पुजारी भेटतो, एक जुनी पोथी हाती लागते आणि शेवटी त्या पोथीतला मंत्र म्हणून बहीण देवीला बांधून टाकते, शाप उतरतो. ज्यांनी ज्यांनी वाचलं त्यांची एकच तक्रार आहे की यातला धर्म वरून चिकटवल्यासारखा वाटतो. घरातल्या मोठ्यांना वेगळीच काळजी आहे, की यातून कुणाची श्रद्धा दुखावणार तर नाही ना. तुम्ही विचारलंय, या प्रकारच्या सिनेमात धर्म आणि अध्यात्म नेमकं काम कसं करतं, आणि माझं कुठे चुकतंय?

पटकथा लिहिणं आणि दुसऱ्यांच्या पटकथा वाचून त्यांच्याशी त्यावर बोलणं हे माझं वीसेक वर्षांचं काम. अद्भुत आणि भय यांच्या सीमेवरच्या कितीतरी संहिता या काळात हाताखालून गेल्या. बहुतेकींचं दुखणं तुमच्या संहितेसारखंच होतं. देव्हारा सुंदर सजवलेला असतो, देव बसवायचा राहून गेलेला असतो. धूर, घंटा, कवट्या, उलटा क्रूस, जुन्या भाषेतले मंत्र, सगळं जागच्या जागी. पण त्या जगातली अदृश्य शक्ती कुठल्या नियमाने वागते, हे लेखकाने स्वतःला विचारलेलंच नसतं. तुमची देवी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तळ्यात बसून आहे आणि तिला काय हवंय ते एकाही पानावर नाही. वाचणाऱ्याला खटकतं ते हेच, फक्त त्याला ते नेमकं सांगता येत नाही.

माझ्या मते डार्क फॅन्टसीतला सगळा धर्म एका प्रश्नाभोवती फिरतो. अदृश्याशी माणसाचं नातं सौद्याचं आहे की आणखी कसलं? नवस, बळी, रक्ताची सही, तीन वर, तीन कामगिऱ्या, हे सगळे सौदे. ‘मी हे देतो, तू ते दे.’ अंधाराचं जग सौद्यावर चालतं आणि आपल्याला त्याची भुरळ पडते, कारण सौद्यात निदान हिशेब तरी स्पष्ट असतो. चांगले चित्रपट हा सौदा मन लावून मांडतात आणि मग एका क्षणी त्यातल्या पात्राला त्या हिशेबाबाहेर पाऊल टाकायला लावतात. ते पाऊल पडतं का, कसं पडतं, त्याची किंमत कोण भरतं, यात त्या चित्रपटाचं अध्यात्म असतं. क्रूस किंवा मंत्र यांत ते नसतं.

एक ढोबळ पण स्वच्छ उदाहरण २००५ सालच्या ‘कॉन्स्टन्टाइन’चं. नायकाने तरुणपणी आत्महत्येचा प्रयत्न केलेला असतो. त्यामुळे त्याच्या धर्माच्या नियमाने त्याची नरकातली जागा पक्की. म्हणून तो राक्षसांना पिटाळत राहतो, पुण्य साठवत राहतो. गॅब्रिएल हा देवदूत त्याला तोंडावर सांगतो की हे सगळं तू स्वतःसाठी करतोयस, याने स्वर्ग मिळत नाही. शेवटी तो सैतानाकडे मागतो ते दुसऱ्या कुणासाठी, आत्महत्या केलेल्या एका स्त्रीच्या सुटकेसाठी. स्वतःचा हिशेब तो विसरतो आणि नेमका तिथेच त्याचा तो हिशेब उलटतो. चित्रपट गोंगाटाचा आहे, पण त्याचा कणा हा असा आहे. ‘कृपा कमावता येत नाही’ ही ख्रिस्ती धर्मातली फार जुनी आणि फार वादाची गोष्ट त्याने मारामारीच्या पटात बसवली.

‘द ग्रीन नाइट’ (२०२१) हेच जास्त हळुवारपणे करतो. वाटेत एका संतस्त्रीचं भूत राजा आर्थरच्या तरुण भाच्याला, गावेनला विनवतं की झऱ्याच्या तळाशी पडलेलं माझं मस्तक आणून दे. तो विचारतो, बदल्यात मला काय देशील? तिला नवल वाटतं, की हा प्रश्न तुला सुचला तरी कसा. एवढ्या एका प्रसंगात तो तरुण अजून कुठे उभा आहे हे कळतं. शेवटी, वर्षभरापूर्वी ठरलेल्या सौद्याप्रमाणे हिरव्या योद्ध्याच्या कुऱ्हाडीखाली मान झुकवताना तो जीव वाचवणारा हिरवा पट्टा कमरेवरून सोडतो. तिथे सौदा संपतो.

आता ज्या चित्रपटावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला आहे त्याकडे येते: गिलेर्मो देल तोरोचा ‘पॅन्स लॅबिरिन्थ’ (२००६). काळ १९४४, स्पेनमधलं यादवी युद्ध संपलंय, हुकूमशहा फ्रँकोची माणसं डोंगरातल्या बंडखोरांना टिपतायत. ओफेलिया ही लहान मुलगी एका क्रूर कॅप्टनची सावत्र लेक. तिला भूलभुलैयातला फॉन, म्हणजे अर्धा माणूस अर्धा बोकड असा वनचर, भेटतो, तू पाताळातली राजकन्या आहेस म्हणतो आणि तीन कामगिऱ्या देतो. दुसऱ्या कामगिरीत अट असते की पक्वान्नांनी भरलेल्या टेबलावरचं काही खायचं नाही. ती दोन द्राक्षं खाते आणि तळहातांत डोळे असलेला तो फिकट राक्षस जागा होतो. आज्ञा मोडली, शिक्षा झाली. इथपर्यंत हे एदनच्या बागेतल्या फळासारखंच आहे. पण तिसऱ्या कामगिरीत फॉन तान्ह्या भावाच्या रक्ताचे थेंब मागतो आणि ती नाही म्हणते. पुन्हा आज्ञाभंग. या वेळी तोच तिचा उद्धार ठरतो, कारण सांडतं ते तिचं स्वतःचं रक्त.

म्हणजे एकाच चित्रपटात आज्ञा मोडणं एकदा पाप आहे आणि एकदा मोक्षाचं दार. दोन्हींतला फरक लेखकाने कुठेही समजावून सांगितलेला नाही. पण मधेच एक डॉक्टर कॅप्टनला मरणाच्या दारात सांगून जातो की विचार न करता, प्रश्न न विचारता हुकूम पाळणं तुमच्यासारख्यांनाच जमतं. आणि त्याआधी कॅप्टनच्या मेजवानीत एक पाद्री बसलेला असतो. बंडखोरांच्या आत्म्यांना देवाने वाचवलंच आहे, त्यांच्या देहांचं काय होतं याची त्याला फिकीर नाही, अशा अर्थाचं तो बोलतो आणि जेवत राहतो. कॅप्टन टेबलाच्या डोक्याशी बसलेला असतो. फिकट राक्षसही भरल्या टेबलाच्या डोक्याशीच बसलेला असतो. फ्रेम जवळजवळ तीच. धर्मसंस्थेवरची इतकी कठोर टीका मी क्वचित पाहिली आहे. पण हाच चित्रपट शेवटी त्या मुलीला सोन्याच्या उजेडात, उंच सिंहासनांपुढे उभं करतो. तिच्या श्रद्धेची टिंगल करत नाही. संस्थेवरचा राग आणि पवित्राबद्दलची ओढ एकाच हाताने लिहिता येतात. तुमच्या घरातल्या मोठ्यांच्या काळजीचं अर्धं उत्तर इथे आहे.

या शेवटच्या कामगिरीमागे एक प्राचीन कथाप्रकार उभा आहे: देव मूल मागतो. बायबलच्या उत्पत्ती ग्रंथात अब्राहामाला इसहाकाचा बळी द्यायला सांगितलं जातं आणि सुरी उचलल्यावर देवदूत हात धरतो. आपल्याकडे ‘शिवलीलामृता’तली श्रियाळ-चांगुणेची गोष्ट आहे. अतिथी होऊन आलेला शंकर चिलयाचं मांस मागतो, आईने रडायचं नाही, गाणं म्हणत बाळाचं डोकं उखळात कांडायचं अशी अट घालतो, आणि शेवटी मूल जिवंत परत देतो. श्रीधरांनी १७१८ साली पूर्ण केलेला हा ग्रंथ आजही भक्तिभावाने वाचला जातो. ही गोष्ट ऐकताना आपण लहानपणी घाबरलेलो असतो आणि ते भय भक्तीच्या विरोधात आहे असं आपल्याला तेव्हा वाटत नाही. म्हणून ‘श्रद्धेच्या गोष्टीत इतकं भयंकर कसं दाखवायचं’ असं कुणी विचारलं, तर मला चांगुणेचं उखळ आठवतं. देल तोरोने या कथाप्रकारात एक बदल केला. अब्राहाम आणि चांगुणा होकार देऊन परीक्षेला उतरतात, ओफेलिया नकार देऊन उतरते. विसाव्या शतकात हुकूम पाळणाऱ्यांनी काय काय केलं ते पाहिल्यानंतरची ही अब्राहामाची गोष्ट आहे, असं मी तिच्याकडे पाहते.

‘तुंबाड’ (२०१८) याच कुळातला. राही अनिल बर्वेंच्या या चित्रपटात समृद्धीच्या देवीचा पहिला पुत्र हस्तर, त्याला सोनं आणि धान्य दोन्ही हवं होतं. त्याच्या वाट्याला सोनं आलं, धान्य नाही. तो कायमचा भुकेला. आईने त्याला वाचवलं ते एका अटीवर, की त्याची पूजा कधी होणार नाही. हा देव कुठल्याही पुराणात नाही, पण त्याची गोष्ट पुराणाच्या व्याकरणात इतकी चपखल बसते की प्रेक्षक घरी जाऊन शोधत बसतो. तिथे देव आणि माणूस यांच्यात फक्त चोरीचं नातं उरलंय. कणकेची बाहुली टाकायची, देव खायला धावला की त्याच्या लंगोटातल्या मोहरा ओढायच्या. नैवेद्याचं आमिष झालंय. शेवटी बाप अख्खा लंगोट मुलापुढे धरतो आणि मुलगा तो घेत नाही. इथेही नकारच.

विधींबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण तुमच्या पोथीचा आणि मंत्राचा गुंता तिथे आहे. संरक्षक वर्तुळ ही या प्रकारातली सर्वांत आवडती युक्ती. लक्ष्मणरेषा आपल्या ओळखीची आहेच. मी शिकवताना तीन वर्तुळं शेजारी ठेवते.

पहिलं, ‘वीय’, १९६७ सालचा सोव्हिएत चित्रपट, लेखक गोगोलच्या कथेवरचा. खोमा नावाच्या धर्मविद्यार्थ्याला एका मेलेल्या चेटकिणीच्या शवापाशी चर्चमध्ये तीन रात्री प्रार्थना म्हणायच्या असतात. श्रद्धा म्हणून तो हे करत नाही. चाबकाची भीती आणि मोठ्या बक्षिसाचं आश्वासन त्याला तिथे बसवतं. तो भोवती खडूचं वर्तुळ काढतो. त्यातला माणूस भुतांना दिसत नाही. तिसऱ्या रात्री भुतं वीय नावाच्या राक्षसाला आणतात, त्याच्या जड पापण्या उचलतात. खोमाने वर पाहायचं नाही, एवढंच. आणि तो पाहतो. खडूची रेघ कुणी पुसलेली नाही. वर्तुळ फुटतं ते त्याच्या डोळ्यातून.

दुसरं, मासाकी कोबायाशीच्या ‘क्वाइदान’ (१९६४) मधली होइचीची गोष्ट. होइची आंधळा आहे, बिवा हे तंतुवाद्य वाजवून हेइके घराण्याच्या नाशाची कथा गातो. ११८५ सालच्या दान-नो-उराच्या सागरी लढाईत ते घराणं बुडालं आणि त्यांचीच भुतं रोज रात्री त्याला गायला नेतात. मठातला भिक्षू त्याच्या सर्वांगावर हृदयसूत्र लिहितो, म्हणजे तो भुतांना दिसणार नाही. कान लिहायचे राहतात. भूत येतं, त्याला हवेत तरंगणारे दोन कान दिसतात, ते उपटून नेतं. आता हे सूत्र मुळात आपल्याकडचं, संस्कृतातलं. ‘रूपं शून्यता, शून्यतैव रूपम्’ हे त्यातलं प्रसिद्ध वचन. ज्या देहावर हे लिहिलंय तो देह शून्य होतो, दिसेनासा होतो. तत्त्वज्ञानातली एक ओळ चित्रपटात अक्षरशः घडते. पुढे त्याच सूत्रात म्हटलंय की शून्यतेत डोळा नाही, कान नाही, नाक नाही. कानही नाही म्हणणारं सूत्र लिहिताना कान राहून गेले! आणि राहिले कुणाचे, तर ज्याचं सगळं जगणं कानांवर आहे त्या गवयाचे. ही कथा मी कितीदा शिकवली असेल, या जागी मला अजून शहारा येतो. इथे वर्तुळ फुटतं ते जपणाऱ्याच्या हातून. भिक्षू भला माणूस आहे, मंत्रही खरा आहे. एवढीशी नजरचूक त्याला भोवते. त्या जगात पवित्राला सद्हेतू पुरत नाही, तिथे संपूर्ण लक्ष लागतं.

तिसरं ‘तुंबाड’मधलं पिठाचं वर्तुळ. हस्तर ते ओलांडू शकत नाही. नियम अगदी पक्का. पण बापलेक एकदम जास्त सोन्याच्या लोभाने खूप बाहुल्या घेऊन उतरतात आणि प्रत्येक बाहुलीमागे एक हस्तर जन्मतो. वर्तुळ मोडावं लागतच नाही. नियमच त्यांच्यावर उलटतो.

भय, नजरचूक, लोभ. वर्तुळ ज्या जागी फुटतं तिथे तो चित्रपट माणसाकडे कसा पाहतो ते दिसतं. तुमच्या संहितेत मंत्र म्हटला की देवी बांधली जाते, कुठे काही फुटत नाही, उरत नाही, कमी पडत नाही. असा मंत्र बंदुकीसारखा असतो. कुणाच्याही हातून सुटतो आणि लागतो. म्हणणारी कोण आहे, तिने तिथवर येताना काय केलंय, याने काही फरक पडत नाही. म्हणूनच तो चिकटवल्यासारखा वाटतो. विधी चालतो हे दाखवायला हरकत नाही, उलट तो चालायलाच हवा. नाहीतर मग आपण अद्भुत कशाला लिहितोय? पण तो चालण्याची काही अट हवी आणि ती अट माणसाच्या आतली हवी.

शापाबद्दल. तुमच्या भावाला शाप का लागला याचं कारण तुम्ही दिलंय की त्याने तळ्यात दगड मारला. गुन्हा, मग शिक्षा. हे चालेल, पण पातळ आहे. हायाओ मियाझाकीच्या ‘प्रिन्सेस मोनोनोके’चा (१९९७) आरंभ पुन्हा पाहा. रानडुकराच्या रूपातला एक देव वेडापिसा होऊन गावावर चालून येतो. त्याच्या देहात लोखंडाची गोळी रुतलेली असते, वेदनेने आणि द्वेषाने तो सडलेला असतो. आशिताका हा तरुण नायक गाव वाचवायला त्याला बाण मारतो आणि देवाचा स्पर्श हाताला होऊन शाप त्याच्याकडे येतो. आशिताकाचा काहीही अपराध नाही. जपानी परंपरेत कोपलेल्या देवतेच्या या बाधेला ‘तातारी’ म्हणतात. ती न्यायनिवाडा करत नाही, ती पसरते. आणि गावातली वृद्ध ओझा स्त्री मरणाऱ्या त्या राक्षसापुढे जमिनीवर डोकं टेकते, तुझ्यासाठी इथे समाधी उभारू, यथासांग विधी करू, मनात द्वेष ठेवू नकोस म्हणून विनवते. त्या देवाने आत्ताच तिच्या गावावर हल्ला केलाय! हा एक नमस्कार त्या जगातलं सगळं नातं उभं करतो. पुढे वनदेवता आशिताकाची गोळीची जखम भरते, पण शापाचा डाग तसाच ठेवते. दया आहे, पण आपण मागू तिथे आणि मागू तेवढी मिळत नाही.

आपल्या पुराणांमध्ये शापाला उःशाप असतो, हे या प्रकारात लिहिणाऱ्या मराठी माणसाचं केवढं मोठं धन आहे. उःशाप म्हणजे शाप पुसणं नव्हे. दिलेला शब्द मागे घेता येत नाही, त्याला फक्त एक दार ठेवता येतं. जय-विजयांची गोष्ट घ्या. सनकादिकांनी वैकुंठाच्या या द्वारपालांना शापलं. प्रचलित कथेत विष्णू त्यांना विचारतो, सात जन्म भक्त म्हणून घ्याल की तीन जन्म वैरी म्हणून? ते वैर निवडतात, कारण त्याने लवकर परत येता येईल. हिरण्याक्ष-हिरण्यकशिपू, रावण-कुंभकर्ण, शिशुपाल-दंतवक्र हे असे परतीच्या वाटेवरचे द्वारपाल. खलनायकाचा द्वेष ही सुद्धा देवाकडे जायची वाट, अशी कल्पना ज्या भाषेच्या घरात पडून आहे तिथे आपण अजून काळ्या कपड्यातला, मोठ्याने हसणारा दुष्ट लिहितो, याचं मला फार वाईट वाटतं. तुमचा लबाड पुजारी असाच आहे. तो लबाड आहे एवढंच मला कळलं. तो देवीला घाबरतो का? एके काळी त्याची हाक तिने ऐकली होती का, आणि मग ऐकणं थांबवलं का? श्रद्धा गमावलेला पुजारी लबाड पुजाऱ्यापेक्षा दसपट भीतिदायक असतो.

देवी कशी दाखवायची हे तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. गीतेच्या अकराव्या अध्यायात अर्जुन हट्टाने विश्वरूप मागतो आणि दिसल्यावर थरथरतो. दाढांनी भरलेली मुखं, त्यांत शिरणारे योद्धे. मग तो विनवतो की तुझं ते आधीचं, ओळखीचं रूप दाखव. ज्याच्यावर त्याचं प्रेम आहे त्यालाच तो घाबरलाय. बायबलमधल्या यहेज्केल या संदेष्ट्याच्या दर्शनातल्या चाकांच्या धावांवर सगळीकडे डोळे आहेत. बायबलमधले देवदूत बहुधा ‘भिऊ नकोस’ असं म्हणतच बोलायला सुरुवात करतात, ते काही उगाच नाही. जर्मन धर्मचिंतक रुडॉल्फ ओटोने १९१७ साली पवित्राच्या अनुभवावर पुस्तक लिहिलं. त्यात त्याचं म्हणणं असं की पवित्र आपल्याला एकाच वेळी थरकापही देतं आणि खेचूनही घेतं. डार्क फॅन्टसीचं सगळं बळ या दुहेरी ओढीत आहे. तुमच्या देवीचं वर्णन केवळ किळसवाणं आहे: शेवाळ, दात, पू. किळस आली की माणूस तोंड फिरवतो. ती पाहत राहावी अशी हवी आणि पाहवू नये अशीही हवी. सोप्या भाषेत, पाहणाऱ्याला तिच्याजवळ जावंसं वाटलं पाहिजे. ‘क्वाइदान’मध्ये संगीतकार तोरू ताकेमित्सुचा ध्वनी ऐका, कित्येक जागी दिसणाऱ्या हालचालीचा आवाजच काढून घेतलाय आणि त्या पोकळीत आपलाच श्वास ऐकू येतो. तळ्यातून काय बाहेर येतं यावर पैसा आणि पानं घालवण्याआधी, ती येण्यापूर्वी रानातला कोणता आवाज बंद होतो ते लिहा.

देवाच्या मौनाचा एक प्रवाह आहे, त्यातला एकच चित्रपट घेते. इंगमार बर्गमनच्या ‘द सेव्हन्थ सील’ (१९५७) ला कुणी डार्क फॅन्टसी म्हणत नाही, पण या घराण्याचा तो आजोबा आहे. धर्मयुद्धाहून परतलेला सरदार, प्लेगने पोखरलेला देश, मृत्यूशी बुद्धिबळ. बर्गमनचे वडील ल्युथरन धर्मोपदेशक. बुद्धिबळ खेळणारा मृत्यू स्टॉकहोमजवळच्या टेबी इथल्या चर्चच्या छतावर पंधराव्या शतकात रंगवलेला आहे. सरदार कबुलीजबाब द्यायला जातो आणि जाळीपलीकडे पाद्र्याच्या वेषात मृत्यूच बसलेला असतो. नंतर तो मृत्यूलाच विचारतो की पलीकडे काय आहे. मृत्यू म्हणतो, मला ठाऊक नाही. कठोपनिषदातला नचिकेत हाच प्रश्न घेऊन यमाच्या दारात तीन रात्री उपाशी बसला होता. यमाने आधी त्याला संपत्तीची, राज्याची लालूच दाखवली, पण शेवटी उत्तर दिलं, कारण यमाला उत्तर माहीत होतं. दोन संस्कृतींमधलं अंतर मोजायला मला हे दोन प्रसंग पुरतात. मात्र बर्गमनच्या चित्रपटात ज्याला देव दिसतो तोही आहे: योफ नावाचा भटका खेळवाला. बाळाला चालायला शिकवणारी मेरी, येशूची आई, त्याला सकाळीच कुरणात दिसते. त्याने मागितलेलं नसतं. सरदार जन्मभर मागतो आणि त्याला मिळत नाही. त्याला एकच गोष्ट करता येते. तो पटावरची प्यादी मुद्दाम उधळतो, मृत्यूचं लक्ष तिकडे वळतं आणि योफचं कुटुंब निसटतं.

श्रद्धा दुखावण्याच्या भीतीबद्दल माझा अनुभव सांगते. लोक भयंकर दाखवल्याने दुखावतात त्यापेक्षा उथळ दाखवल्याने जास्त दुखावतात. जिवंत पूजेतला मंत्र उचलून राक्षस जाळायला वापरलात, तर रोज तो मंत्र शांतपणे म्हणणाऱ्या माणसाला तो आपल्या घरातली वस्तू चोरल्यासारखा वाटतो, आणि मला त्याचं म्हणणं पटतं. म्हणून देवी, पोथी, मंत्र तुम्ही स्वतः घडवा. पण घडवताना खऱ्या परंपरेचं व्याकरण पाळा: देवीला काही वर्ज्य असतं, काही प्रिय असतं, तिची हाक मारायची एक वेळ असते, तिच्या नावाला अर्थ असतो. आणि संहितेत निदान एक माणूस असा ठेवा जो मनापासून मानतो आणि मूर्ख नाही. माझ्या सुरुवातीच्या एका संहितेत असा एकही माणूस नव्हता. ती वाचून माझ्या एका श्रद्धाळू नातलग बाईंनी विचारलं होतं, ‘यात आम्ही कुठे आहोत गं?’ त्या रागावल्या नव्हत्या. ती संहिता मी बाजूला ठेवली.

आता तुमच्या शेवटाकडे. तुमची संहिता दुसऱ्यांदा वाचताना मला एक गोष्ट दिसली, जी बहुधा तुम्हाला अजून दिसलेली नाही. शाप आवाजाचा आहे आणि उपाय मंत्राचा. मंत्राला आवाज लागतो. ज्या मुलासाठी हे सगळं चाललंय त्यालाच ती प्रार्थना म्हणता येत नाही. तुमच्या कथेचा देव तिथे बसलाय, आणि तुम्ही त्या मुलाला शेवटच्या वीस पानांत घरी ठेवलंय.

त्याला तळ्याकाठी आणा. बहिणीला मंत्र म्हणू द्या आणि तो कमी पडू द्या. तो का कमी पडतो ते तिच्या वाटेवरच्या वागण्यातून आलेलं असू द्या. तिने पुजाऱ्याला फसवलंय, पोथी चोरलीय, ते आत्ता तुमच्या संहितेत हिशेबाबाहेर पडून आहे. देवी तिच्यापुढे उभी आहे आणि पोथीची पानं संपली आहेत. मग मुलाकडे वळा. तो काय करतो? दगड उचलून आणतो का, ज्या दगडाने हे सुरू झालं तोच? पाण्यात उतरतो का? मला उत्तर ठाऊक नाही आणि मी सुचवणारही नाही, ते तुमचं आहे. फक्त त्या पानांत एकही संवाद लिहू नका, पार्श्वसंगीताची सूचनाही नको. आणि ती पानं लिहायच्या आधी एका कोऱ्या कागदावर देवीच्या तोंडचं एकच वाक्य लिहून ठेवा, चित्रपटात कधीही न येणारं: मला काय हवंय.

नवा ड्राफ्ट झाला की पाठवा. तो मी पहिल्या पानापासून वाचेन.